प्रकल्प, संगणक आणि फडावरचा विद्यार्थी

(अहिल्यानगर जिल्ह्यातील शिक्षक व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



'प्रकल्प' हा शब्द उच्चारला की मध्यमवर्गीय घरात काय घडते, हे येथे बसलेल्या माता-भगिनींना सांगावयास नको. रात्री साडेनऊ वाजता चिरंजीव घोषणा करतात की उद्या सकाळी शाळेत पवनचक्की न्यायची आहे. वडील कोपऱ्यावरचे दुकान उघडे आहे का, हे पाहावयास धावतात. आई कात्री घेऊन बसते. राज्यात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आल्यापासून पुठ्ठ्याचे दिवस आले, एवढाच काय तो फरक. सकाळी पवनचक्की शाळेत पोहोचते, गुण मिळतात, आणि आपल्या गच्चीवर वारा कोणत्या दिशेने वाहतो हे चिरंजीवांनी एकदाही पाहिलेले नसते. पुढे महाजाल घरोघर आले आणि पुठ्ठ्याचाही त्रास उरला नाही. मजकूर उतरवून घ्यावा, रंगीत छपाई करावी, झाला प्रकल्प. आज तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला एक वाक्य सांगितले की दहा पानांचा अहवाल क्षणार्धात समोर येतो. साधन जितके समर्थ झाले, तितके विद्यार्थ्याच्या हाताला काम कमी उरले.

म्हणून 'वर्गात ऑनलाइन साधनांच्या साहाय्याने प्रकल्पाधारित शिक्षण' असा विषय निघाला की अनुभवी शिक्षकाच्या कपाळावर आठी पडते. ती आठी समजून घेतली पाहिजे. शिक्षकाला शासकीय माहिती ऑनलाइन भरून भरून एवढा उबग आलेला आहे की संगणकावरचे आणखी एखादे काम म्हटले की तो हात जोडतो. त्यात त्याचा दोष नाही. तथापि साधनाचा कंटाळा आणि पद्धतीचा कंटाळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रकल्पपद्धती ही काल-परवाची टूम नव्हे. अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली या नावाचा निबंध लिहिला, हे खरे. परंतु आपल्याकडे १९३७ साली वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी 'नई तालीम' मांडली, तिचा गाभाही हाच होता. हात राबले पाहिजेत, त्यातून प्रश्न उभा राहिला पाहिजे आणि प्रश्नाच्या पोटातून गणित, भूगोल, भाषा बाहेर आली पाहिजे. आपल्या जिल्ह्याच्या वेशीलगत, शिरूर तालुक्यातील पाबळ या दुष्काळी गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरसारख्या कंपनीतील शास्त्रज्ञाचे पद सोडून हा गृहस्थ पाबळला आला, आणि शाळेत नापास झालेल्या मुलांच्या हाती वेल्डिंगचे यंत्र, फळी-रंधा आणि जमिनीत पाणी शोधण्याचे उपकरण देऊन त्यांच्याकडून भूमिती आणि भौतिकशास्त्र वदवून घेऊ लागला. अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेने 'फॅब लॅब' नावाची आधुनिक कार्यशाळा स्वतःच्या आवाराबाहेर उभी करावयाची ठरवली, तेव्हा २००२ साली तिने जी पहिली जागा निवडली ती पाबळ होती. येथे क्रम ध्यानात घ्यावा. आधी वीस वर्षे हातांचे काम, मग संगणकावर चालणारी यंत्रे. हा क्रम उलटा झाला की पवनचक्की पुठ्ठ्याचीच राहते.

मग आपल्या जिल्ह्यातील शाळेने कोणता प्रश्न हाती घ्यावा? त्यासाठी दूर जावयास नको. सतरा हजार चौरस किलोमीटरहून मोठा, चौदा तालुक्यांचा, क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा असा हा जिल्हा. त्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात कळसूबाईचे १,६४६ मीटर उंचीचे शिखर. तेथील घाटघर परिसरात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेला पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडे यावे, तर एखाद्या साली पाचशे मिलिमीटरदेखील वेळेवर पडत नाहीत. पाणी हाच या जिल्ह्याचा धडा आहे, आणि तो कोणत्याही क्रमिक पुस्तकात पुरा छापलेला नाही.

हिवरे बाजारने तो स्वतः लिहिला. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतरच्या परिवर्तनाची कथा सर्वांना पाठ आहे. शाळेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो तेथील पाण्याचा ताळेबंद. पाऊस मोजावयाचा, विहिरींची पातळी मोजावयाची, आलेले पाणी किती आणि पिण्याला, गुरांना, पिकांना लागणारे किती, याचा हिशेब ग्रामसभेसमोर ठेवावयाचा आणि मग कोणते पीक घ्यावयाचे ते ठरवावयाचे. ऊस आणि केळी नको, सिंचनासाठी बोअर नको, हे निर्णय गावाने स्वतःवर घातले. आता हे गणित पाहा. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर पाणी होते. गावाचे क्षेत्र ९७५ हेक्टर धरले, तर एका मिलिमीटरला ९७ लाख ५० हजार लिटर. सातवीच्या मुलाला हा गुणाकार जमतो. मात्र तो गुणाकार करताना समोर आपल्याच गावाचा डोंगर दिसत असेल, तर तो मुलगा उत्तर पुसून पुन्हा तपासतो. दोनदा तपासून पाहावे असे वाटणे, ही शिक्षणाची पहिली खूण होय.

आता संगणकाकडे येऊ. पंचवीस मुलांनी पाच वाड्यांवर पाऊस मोजला, अकरा विहिरींची पातळी सुताला दगड बांधून घेतली, तर या नोंदी एकत्र कोठे यावयाच्या? एका वहीत आणल्या की ती वही एकाच मुलाच्या, बहुधा सर्वांत सुवाच्य अक्षराच्या मुलीच्या, दप्तरात जाते आणि बाकीचे चोवीस जण प्रेक्षक होतात. सामायिक तक्ता उपयोगाचा आहे तो येथे. गूगलच्या किंवा अन्य कोणाच्या अशा तक्त्यात एकाच वेळी अनेक जण लिहू शकतात. कोणी, केव्हा, काय लिहिले आणि कोणी काय बदलले, याचा पूर्वेतिहास त्यात आपोआप राहतो. शेजारी शंका लिहिता येते, उत्तर देता येते. मोबाईलला जाळे नसेल तर लिहून ठेवलेले जाळे मिळताच आपापल्या जागी जाते. 'विकी' नावाचे, कोणालाही दुरुस्त करता येणारे पान वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली महाजालावर आणले. आपला मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. तंत्र नवे आहे.

पण त्यामागची वृत्ती नवी आहे काय? याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी नेवाशाला, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वर माउलींनी गीतेवरील भाष्य सांगितले. परंपरा सांगते की ते सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, ऐकणारी सभा तिसरी. पुढे तीनशे वर्षांत हाताने नकला होत गेल्या, कोठे ओवी गळली, कोठे कोणी पदरची घातली. तेव्हा शके १५०६ मध्ये पैठणच्या एकनाथ महाराजांनी अनेक प्रती समोर ठेवून, ताडून, शुद्ध प्रत सिद्ध केली; आणि यापुढे कोणी आपली ओवी यात मिसळू नये, असेही बजावले. सामायिक ग्रंथाला शिस्त लागते. मूळ कोणते आणि मागाहून घातलेले कोणते, हे कळले पाहिजे. नाथांनी जे वर्षानुवर्षांच्या साक्षेपाने केले, त्याचा यांत्रिक भाग आज एका कळीवर होतो. साक्षेप मात्र कळीवर येत नाही. तो शिक्षकानेच लावावयाचा असतो. एखाद्या मुलाने दुसऱ्याच्या विहिरीचा आकडा खोडून आपला घातला, तर त्याला सर्वांसमोर विचारावे : तू मोजलास काय? केव्हा? सूत ओले कुठपर्यंत झाले होते?

येथवर कोणाचा फारसा विरोध नसावा. आता ज्या मुलासाठी हे सारे सांगावयाचे, त्याच्याकडे वळू.

पाथर्डी तालुक्यातील कोणतीही शाळा घ्या. दसरा-दिवाळी झाली की गावात ट्रॅक्टर येतात. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे भांडी, कोंबड्या, अंथरुणे आणि लहान लेकरे घेऊन गळीत हंगामासाठी बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. घरात आजी नसेल, किंवा वसतिगृहात ठेवावयास मन धजत नसेल, तर मूलही जाते. पहाटे आई-वडील फडात, आणि दहा-अकरा वर्षांची मुलगी कोपीत धाकट्या भावाला सांभाळत बसलेली. पट्टा पडून ती परतते तेव्हा वार्षिक परीक्षा दारात असते किंवा उरकलेली असते. वर्गात तिची जागा रिकामी राहिलेली नसते. कोणी तरी तेथे बसलेले असते. शासनाचे हंगामी वसतिगृह आहे, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, कारखान्यांच्या परिसरात साखरशाळाही निघाल्या. ज्यांनी त्या चालवल्या त्यांना नमस्कारच केला पाहिजे. परंतु मुलाचे नाव कोठल्या तरी पटावर असणे वेगळे आणि आपल्या गटात त्याची गरज असणे वेगळे.

समजा, अशा एका शाळेतील सातवीच्या वर्गाने 'आमच्या गावाचे पाणी' हा प्रकल्प जूनमध्ये घेतला. पावसाळाभर सर्वांनी मिळून मोजले. नोव्हेंबरात गटातील एक मुलगी राहाता तालुक्यात लोणीच्या बाजूला फडावर गेली. नेहमीच्या रीतीने ती गटातून वजा होते. पण तक्त्यात तिच्या नावाची ओळ ठेवली आणि तिला नवे काम दिले तर? तिने आठवड्यातून दोनदा एवढेच कळवायचे : कोपीवर पिण्याचे पाणी कोठून येते, किती घागरी लागतात, किती लांबून आणाव्या लागतात, शेजारच्या पाटाला आवर्तन कधी सुटले आणि किती दिवस चालले. वडिलांच्या मोबाईलवरून, रात्री, चार ओळी. लिहिता येत नसेल तर बोलून; आवाजाचे मराठी अक्षर करून देणारी सोय आता साध्या फोनवरही असते.

आता या चार ओळींनी वर्गात काय घडेल, ते पाहा. गावात राहिलेली मुले लिहीत असतील की माळावरच्या विहिरीची पातळी दोन हात खाली गेली. त्याच तक्त्यात त्यांची मैत्रीण लिहील की इथे पाट भरून वाहतो आहे. मुले विचारणारच : हे पाणी कोठले? शिक्षकाने नकाशा उघडावा. अकोल्याच्या डोंगरात पडलेला तो पाऊस. १९१० ते १९२६ या काळात भंडारदऱ्याला बांधलेल्या विल्सन धरणात तो अडला. प्रवरेच्या कालव्यांनी उत्तरेच्या तालुक्यांत आला. त्यावर ऊस उभा राहिला. त्या उसावर १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, विठ्ठलराव विखे पाटील यांच्या कर्तृत्वाने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या अर्थशास्त्राने. आणि तो ऊस तोडावयास जी माणसे लागतात, ती आली आपल्या गावातून, जेथे पाणी नाही. एका जिल्ह्याचा पाऊस, धरण, ऊस, साखर आणि घाम एकाच तक्त्याच्या शेजारशेजारच्या ओळींत आला. हे कोणत्या पाठ्यपुस्तकाने शिकवले असते? आणि ही गोष्ट वर्गाला कोणी दाखवली? ज्या मुलीला आजवर 'गैरहजर' म्हणून लाल शाईने लिहिले जात होते, तिने.

समरसतेविषयी आपण पुष्कळ बोलतो, व्याख्याने आयोजित करतो. वर्गातील समरसता म्हणजे एका पंक्तीला बसून डबा खाणे, हे आहेच. परंतु ज्याचा डबाच वर्गात येत नाही, त्याच्यावाचून आपले काम अडते असे इतर मुलांना वाटणे, ही पुढची पायरी आहे. दया दाखवण्याने मूल संकोचते. त्याचा आकडा आला नाही म्हणून गटाचे गणित अडले, तर मित्र त्याला फोन करून भांडतात. ते भांडण मोलाचे असते.

काही जण म्हणतील, हे सारे मोबाईलवाल्यांचे कौतुक आहे. आक्षेप रास्त आहे. करोनाच्या काळात, मार्च २०२० नंतर शाळा बंद झाल्या, तेव्हाचा अनुभव ताजा आहे. 'असर'च्या त्या वर्षीच्या ग्रामीण भारताच्या पाहणीत शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. दोन वर्षांपूर्वी हे प्रमाण ३६.५ टक्के होते. म्हणजे वाढ मोठी. पण तेव्हाही दहातील जवळजवळ चार घरांत तो नव्हता. आणि घरात फोन असणे म्हणजे मुलाच्या हाती असणे नव्हे. तो वडिलांच्या खिशात दिवसभर फडात असतो. म्हणूनच रोज दोन तासांच्या ऑनलाइन तासिकेची कल्पना या मुलांसाठी व्यर्थ आहे. रात्रीच्या चार ओळी मात्र शक्य आहेत. साधनाकडून थोडके मागावे आणि ते नियमित मागावे. फोन नसेलच, तर वही द्यावी आणि मुकादमाचा किंवा शेजारच्या कोपीचा क्रमांक घेऊन शिक्षकाने आठवड्याला एकदा विचारावे, वर्गातील कोणी ते तक्त्यात भरावे. ओळ तिच्याच नावाची राहावी.

दुसरा आक्षेप पालकांचा असतो : मुले ऑनलाइन गेली की भलतीकडे जातात. तोही खोटा नाही. त्यासाठी प्रत्येक मुलाला वेगळे खाते उघडून देण्याचा अट्टहास कशाला? खाते शाळेचे किंवा पालकांचे असावे, पान फक्त वर्गापुरते खुले असावे, मुलांची छायाचित्रे, पत्ते, फोन क्रमांक त्यात नसावेत. मुलांची माहिती गोळा करणाऱ्याने पालकांची संमती घ्यावी, असे २०२३ च्या कायद्यानेही सांगितले आहे. मुलीच्या कोपीचे ठिकाण जगाला कळण्याचे काहीच कारण नाही. 'प्रवरा कालव्याजवळ' एवढे वर्गाला पुरे.

तिसरी अडचण नकलेची. यंत्राने लिहिलेला अहवाल कसा ओळखावा, असे शिक्षक विचारतात. ओळखण्याच्या नादी लागूच नये. प्रश्नच असा द्यावा की ज्याचे उत्तर कोणत्याही यंत्राकडे नाही. 'पाण्याचे महत्त्व' यावर ते दहा पाने लिहील. मारुतीच्या देवळामागच्या विहिरीला आज किती परस पाणी आहे, हे त्याला ठाऊक नसते. त्यासाठी उन्हात जावेच लागते.

या पद्धतीने आणखी किती विषय हाताळता येतील, याची यादी करण्यात अर्थ नाही. दोनच खुणा पुरेत. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, तरी देशी बियाण्यांचा जो ठेवा त्यांनी राखला त्याबद्दल त्यांना आणि पोपटरावांना एकाच वर्षी, २०२० मध्ये, पद्मश्री जाहीर झाली. आपल्या वाडीवरच्या आज्यांना कोणते वाण आठवते, कोणत्या मडक्यात राखेत ते ठेवत, हे विचारून लिहिणारी मुले भारतीय ज्ञानपरंपरेवर निबंध पाठ करणाऱ्या मुलांपेक्षा त्या परंपरेच्या अधिक जवळ असतात. दुसरी खूण बारवांची. रोहन काळे यांच्या पुढाकाराने चाललेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेत गावोगावच्या लोकांनी कळवलेल्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरी महाजालावरील एकाच नकाशावर आल्या, आणि महाशिवरात्रीला त्यांत दिवे लागले. ज्या चौंडीत १७२५ साली पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा जन्म झाला, ज्यांनी देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, ती चौंडी याच जिल्ह्यातील. २०२४ पासून जिल्ह्याने त्यांचेच नाव धारण केले आहे. आपल्या गावातली बारव गाळाने भरलेली असताना नुसती पाटी बदलून भागत नाही. मुलांनी तिच्या पायऱ्या मोजाव्यात, लांबी-रुंदी घ्यावी, गाळ किती ते काढावे आणि नकाशावर नोंद करावी. मग गाळ काढावयास ग्रामपंचायतीकडे अर्ज लिहावा. मराठीच्या तासाला पत्रलेखन असतेच.

हे बाहेरगावच्या उदाहरणांनीही सिद्ध आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकातील पाठांना संकेतचौकटी जोडल्या, वाडीवरच्या मुलांना पडद्यावरून परदेशातील वर्गांशी बोलते केले. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलर्सचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. परदेशाशी बोलावे, अवश्य बोलावे. पण पाथर्डीच्या वर्गाने आधी राहात्याच्या फडाशी बोलावे. ते अंतर ट्रॅक्टरने एका दिवसाचे आहे, आणि आजवर ते कोणी ओलांडलेले नाही.

राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. एवढा अवकाश आरंभाला पुरेसा आहे. सुरुवात करणाऱ्या शिक्षकाने एकच विषय, एकच तक्ता आणि पाच स्तंभ घ्यावेत : दिनांक, ठिकाण, मोजणाऱ्याचे नाव, मोजमाप, शेरा. सरळ बाजूंची बाटली आणि पट्टी यांचे पर्जन्यमापक मुले तासाभरात करतात. पहिल्या महिन्यात निम्म्या नोंदी चुकतील. त्या खोडू नयेत, शेजारी दुरुस्ती लिहावी. दिवाळीच्या सुटीपूर्वी वर्गातील कोण कोण कोणत्या कारखान्याकडे जाणार, हे विचारून घ्यावे आणि प्रत्येकाच्या हाती वही, पेन्सिल, दोरी आणि शाळेचा क्रमांक द्यावा. जे मागे राहतील, त्यांनी त्यांच्या ओळी राखाव्यात.

पट्टा एप्रिल-मेमध्ये पडतो. परतलेल्या मुलांना पहिल्याच दिवशी फळ्यासमोर उभे करून त्यांच्या ओळी मोठ्याने वाचावयास सांगावे. जूनमध्ये पुन्हा पाऊस यावयाचा असतो, आणि पर्जन्यमापकाची बाटली तोवर कोणी तरी फोडलेली असते. नवी त्यांच्याकडूनच करून घ्यावी.